१८ माणसांचं वर्षभराचं काम पोरं एका सेमिस्टरला कशी करतात?

मंडळी, पोस्ट लांब आहे, निवांत वाचा. ज्यांच्या घरात कॉम्प्युटर इंजिनिअरिंगचं पोरगं किंवा पोरगी आहे त्यांनी तर वाचाच. ज्यांच्या घरात नाही त्यांनीही वाचा, कारण विषय शेवटी आपल्या भागातल्या शिक्षणाचा आहे.

सध्या सबमिशनचे दिवस आहेत. कॉलेज रोडच्या झेरॉक्सच्या दुकानात पाय ठेवायला जागा नसते. फाईल, इंडेक्स, सर्टिफिकेटचं पान, मग एकेक राईट-अप आणि त्याखाली सरांची सही. या फायलींत एक प्रॅक्टिकल हमखास सापडतं, 'टू-पास असेंब्लरचा पहिला पास'. त्यात 'मूव्हर', 'मूव्हएम', 'ए-रेग', 'बी-रेग' असले शब्द असतात. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या तिसऱ्या वर्षाला २०१५ च्या पॅटर्नमध्येही हे प्रॅक्टिकल होतं आणि २०१९ च्या पॅटर्नमध्येही. म्हणजे पुणे, नगर, नाशिक या तीन जिल्ह्यांत मिळून हजारो पोरांनी ते लिहिलंय.

एखाद्या पोराला विचारून बघा, हा 'मूव्हर' कुठल्या कंपनीच्या मशीनला कळतो? बहुतेक जण गप्प बसतात. खरं उत्तर असं की कुठल्याच नाही. ते मशीन जगात कधी बनलंच नाही. पवईच्या आयआयटीतल्या एका प्राध्यापकांच्या पुस्तकातलं ते कागदावरचं मशीन आहे. जे मशीन अस्तित्वातच नाही त्याच्यावर आपली पोरं वर्षानुवर्षं प्रॅक्टिकल का करतात? हे काही येडेपण नाही. त्यामागे चांगला विचार आहे. पण तो विचार आपल्यापर्यंत अर्धाच पोचला, आणि राहिलेला अर्धा भागच महत्त्वाचा होता, असं माझं म्हणणं आहे. त्यासाठी जरा मागे जावं लागेल.

आधी कंपायलर म्हणजे काय ते दोन ओळींत. कॉम्प्युटरच्या मशीनला फक्त आकडे कळतात. माणसाला आकड्यांत लिहिणं जमत नाही. म्हणून माणूस थोडी माणसासारखी भाषा वापरून प्रोग्राम लिहितो आणि मधला दुभाषी त्याचं मशीनच्या भाषेत रूपांतर करतो. हा दुभाषी म्हणजे कंपायलर. त्याचं काम आपल्या शाळेतल्या व्याकरणाच्या तासासारखंच चालतं. आधी ओळीतले शब्द सुटे करायचे. मग वाक्यपृथक्करण करायचं, म्हणजे कर्ता कुठला, क्रियापद कुठलं. मग अर्थ लागतोय का ते बघायचं, कारण 'दगडाने भाकरी खाल्ली' हे व्याकरणात बसतं पण अर्थात बसत नाही. आणि सगळं जुळलं की मग भाषांतर.

असेंब्लर हा त्याचाच धाकटा भाऊ. तो दोन पासमध्ये काम करतो. का, तर प्रोग्राममध्ये काही नावं आधी वापरलेली असतात आणि ती कुठे ठेवलीत ते पुढे येतं. म्हणजे पंगतीसारखं. पहिल्या फेरीत पानं मोजून कोण कुठे बसलंय ते बघून घ्यायचं, दुसऱ्या फेरीत वाढायचं. एवढीच कल्पना आहे. पोराला ही पंगत समजली तर प्रॅक्टिकल समजलं.

आता इतिहास. १९५२ साली अमेरिकेत ग्रेस हॉपर या गणितज्ञ बाईंनी युनिव्हॅक मशीनसाठी 'ए-झिरो' नावाची व्यवस्था केली. आधी लिहून ठेवलेले प्रोग्रामचे तुकडे आपोआप गोळा करून जोडणारी ती व्यवस्था होती. कंपायलर हा शब्द तिथून रुजला. आजच्या अर्थाचा मोठा कंपायलर मात्र आयबीएमचा. जॉन बॅकस यांच्या टीमने १९५४ मध्ये काम सुरू केलं आणि १९५७ मध्ये आयबीएम ७०४ मशीनसाठी फोर्ट्रानचा कंपायलर बाहेर आला. त्या काळचे जुने प्रोग्रामर म्हणायचे की मशीनने लिहिलेला कोड आमच्या हातच्या कोडसारखा चपळ होणं शक्य नाही. तो झाला.

या कामाला किती मेहनत लागली? पुस्तकांत आकडा दिलेला असतो, १८ माणूस-वर्षं. म्हणजे १८ माणसांनी वर्षभर केलं असतं तर जेवढं होईल तेवढं काम. आणि ही सगळी त्या काळची निवडक डोकी.

आज तोच कंपायलर, भाषा जरा छोटी करून, तिसऱ्या-चौथ्या वर्षाची पोरं एका सेमिस्टरमध्ये लिहू शकतात. हे कसं झालं? माझ्या मते तीन गोष्टींनी झालं. पद्धत, अवजारं आणि सोबत. एकेक बघू.

पहिली, पद्धत. फोर्ट्रानवाल्यांना भाषांतर कसं करायचं हे करता करता शोधावं लागलं होतं. पुढे अल्गोल नावाची भाषा आली. तिचं व्याकरण लिहून ठेवायला बॅकस यांनी १९५९ मध्ये एक नेटकी खूण-पद्धत मांडली आणि डेन्मार्कच्या पीटर नौर यांनी ती १९६० च्या अल्गोल अहवालात वापरली. तिला बॅकस-नौर पद्धत म्हणतात. इथे आपल्याकडच्या एका लाडक्या विषयाबद्दल बोलायला हवं. 'संस्कृत ही कॉम्प्युटरला सगळ्यात योग्य भाषा' असा फॉरवर्ड तुम्हाला दर सहा महिन्यांनी येत असेल. त्यातलं खरं एवढंच आहे. पाणिनीने अष्टाध्यायीत सुमारे ४,००० सूत्रांत संस्कृतचं व्याकरण बांधलं आणि नियम लिहिण्याची त्याची रीत या आधुनिक पद्धतीच्या फार जवळ जाते. १९६७ मध्ये पीटर इंगरमन या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने एका मान्यवर नियतकालिकाला पत्र लिहून सुचवलं की या पद्धतीला पाणिनी-बॅकस असं नाव द्या. गौरव आहेच, आणि तो व्याकरण लिहिण्याच्या रीतीचा आहे. संस्कृतमध्ये प्रोग्राम लिहिला की तो जोरात पळतो असा त्याचा अर्थ नाही. पाणिनीचा अभिमान असेल तर फॉरवर्ड पाठवण्यापेक्षा पोराला व्याकरणाचे नियम लिहायला बसवलेलं बरं.

व्याकरण कागदावर आलं, पण ते वापरून वाक्य सोडवायचं कसं? तिथे डोनाल्ड कनूथ आले. १९६२ च्या जानेवारीत एका प्रकाशकाने या तरुण संशोधकाला कंपायलरवर पुस्तक लिहायला सांगितलं. त्यांनी १२ प्रकरणांचा आराखडा केला. लिहिता लिहिता ते हस्तलिखित हजारो पानांचं झालं आणि त्याचे खंड करावे लागले. पहिला खंड १९६८ मध्ये आला. गंमत अशी की ज्या कंपायलरसाठी हे सगळं सुरू झालं, त्याच्यावरचा खंड अजून यायचाय. पण १९६५ मध्ये कनूथ यांनी वाक्य डावीकडून उजवीकडे एकदाच वाचत सोडवण्याची एक पद्धत सिद्ध करून दाखवली. पुढची कितीतरी वर्षं जगभर तीच शिकवली गेली.

आणि एक गोष्ट लक्षात ठेवा. कनूथ यांनी आपल्या पुस्तकातल्या उदाहरणांसाठी 'मिक्स' नावाचं एक काल्पनिक मशीन तयार केलं होतं. खऱ्या मशीनच्या कटकटी टाळून नेमकं जे शिकवायचं तेवढंच त्यात ठेवलं. म्हणजे आपल्या फायलीतल्या 'मूव्हर'चं घराणं चांगलं थोर आहे.

याच वर्षी, १९६८ ला, एसीएम या अमेरिकेतल्या संगणकतज्ज्ञांच्या संघटनेने विद्यापीठांसाठी नमुना अभ्यासक्रम छापला. त्यात कंपायलर रचना हा स्वतंत्र विषय होता. १९७१ मध्ये डेव्हिड ग्रीस यांचं या विषयावरचं पाठ्यपुस्तक आलं. जी गोष्ट दहा-बारा वर्षांपूर्वी फक्त मोठ्या कंपनीच्या खोलीत होत होती ती आता फळ्यावर आली.

दुसरी गोष्ट, अवजारं. बेल लॅब्ज ही अमेरिकेतल्या टेलिफोन कंपनीची प्रयोगशाळा. १९७० च्या दशकात तिथे स्टीफन जॉन्सन काम करत होते. त्यांना एका भाषेत छोटी सुधारणा करायची होती. सहकारी अल्फ्रेड आहो त्यांना कनूथच्या पद्धतीने लागणारे तक्ते हाताने, मोठमोठ्या पुठ्ठ्यांवर मांडून देत होते. हाताने केल्यावर चुका व्हायच्याच. शेवटी जॉन्सन म्हणाले की तुम्ही हे कसं करता ते मला सांगा, मी त्याचाच प्रोग्राम लिहितो. त्यातून 'यॅक' जन्माला आलं. व्याकरण द्या, वाक्य सोडवणारा प्रोग्राम घ्या. त्याच सुमाराला, १९७५ मध्ये, माइक लेस्क आणि एरिक श्मिट यांनी शब्द सुटे करणारं 'लेक्स' केलं. हे श्मिट तेव्हा विद्यार्थी होते. पुढे २००१ मध्ये ते गुगलचे मुख्याधिकारी झाले. आपली पोरं प्रॅक्टिकलला जे लेक्स आणि यॅक वापरतात ते हेच.

स्वित्झर्लंडमध्ये निकलाउस विर्थ यांनी वेगळी वाट धरली. त्यांची पास्कल ही भाषा १९७० ची. तिचा पहिला कंपायलर फोर्ट्रानमध्ये लिहायचा प्रयत्न झाला तो फसला. तो टाकून देऊन दुसऱ्यांदा तो पास्कलमध्येच लिहिला, हाताने खालच्या भाषेत उतरवला, आणि चालवला. १९७६ च्या पुस्तकात विर्थ यांनी 'पीएल-झिरो' नावाची चिमुकली भाषा आणि तिचा आख्खा कंपायलर छापून टाकला. कंपायलर विद्यार्थ्याने सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचावा आणि तो त्याला कळावा, एवढा छोटा. शिकवण्यासाठी भाषा मुद्दाम छोटी करायची ही कल्पना मला फार मोलाची वाटते.

मग १९७७ मध्ये आहो आणि जेफ्री उलमन यांचं पुस्तक आलं. मुखपृष्ठावर ड्रॅगन, आणि त्याच्याशी भाला घेऊन लढणारा सरदार. १९८६ च्या आवृत्तीत त्यांच्या जोडीला रवी सेठी आले, आयआयटी कानपूरहून बी.टेक. झालेले. २००६ मध्ये मोनिका लॅम आल्या. जगभर याला 'ड्रॅगन बुक' म्हणतात. आपल्याकडच्या कॉलेज लायब्ररीतही त्याची स्वस्त भारतीय प्रत असते. आहो आणि उलमन यांना २०२० सालचं ट्युरिंग पारितोषिक मिळालं, आणि त्यात या पाठ्यपुस्तकांचाही मोठा वाटा धरला गेला. संशोधनाबरोबर शिकवण्यालाही एवढा मान मिळतो हे आपण ध्यानात घ्यावं. १८ माणूस-वर्षांचा आकडा याच पुस्तकात आहे, आणि आता हे काम सेमिस्टरचा प्रोजेक्ट म्हणून होऊ शकतं असं लेखकांनीच तिथे लिहिलंय.

इथपर्यंत कुणाला वाटेल, बास, पद्धत आली, अवजारं आली, पुस्तक आलं, पोरं आता करतील. तसं होत नाही. कारण कंपायलर हे साखळीचं काम आहे. पहिली कडी तुटली की पुढचं सगळं पडतं. ज्या पोराचा शब्द तोडणारा भाग चुकला त्याचं वाक्यपृथक्करण कसं चालणार? आणि ते नाही चाललं तर पुढचं तर सोडाच. असं पोर दुसऱ्याच प्रॅक्टिकलला मागे पडतं आणि तिथून त्याला कॉपीशिवाय रस्ता राहत नाही.

म्हणून तिसरी गोष्ट, सोबत. ती कशी द्यायची याचं एक उत्तम उदाहरण अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठातलं आहे. तिथे १९९० च्या दशकात अ‍ॅलेक्स एकन या प्राध्यापकांनी वर्गासाठीच 'कूल' नावाची भाषा तयार केली. पुढे ते स्टॅनफर्डला गेले आणि कूलही तिथे गेली. पोरांना चार टप्प्यांत कंपायलर करायचा असतो. शब्द तोडणं, वाक्य सोडवणं, अर्थ तपासणं, कोड काढणं. पण कोऱ्या कागदावरून सुरुवात नसते. अर्धवट लिहिलेला सांगाडा मिळतो. भाषेचं नियमपुस्तक मिळतं. शिक्षकांनी केलेला चालता कंपायलर मिळतो, म्हणजे आपलं उत्तर बरोबर का चूक हे पोरगं रात्री दोन वाजतासुद्धा स्वतः ताडून बघू शकतं. आणि सगळ्यात शहाणपणाची गोष्ट ही की भाग अदलाबदल करता येतात. तुझा पहिला टप्पा फसला? हरकत नाही. त्या जागी शिक्षकाचा भाग बसव आणि तुझा दुसरा टप्पा करत राहा. एका चुकीची शिक्षा सेमिस्टरभर नाही.

याच एकन सरांनी १९९४ मध्ये आणखी एक गोष्ट केली. 'मॉस' नावाची, कॉपी केलेला कोड पकडणारी व्यवस्था. व्हेरिएबलची नावं बदला, मोकळ्या जागा घाला, तरी ती दोन कोडमधलं साम्य दाखवते. आणि त्यासाठी आधी कोडमधलं वरवरचं सगळं काढून टाकते, म्हणजे कंपायलरच्या पहिल्या टप्प्यासारखंच काम करते. शिक्षकांना ती फुकट वापरता येते. मला यातला क्रम महत्त्वाचा वाटतो. पोराला उभं राहायला सांगाडा, तपासायला चालता नमुना, पडला तर उचलायला पर्यायी भाग, एवढं सगळं दिलं, आणि मग म्हटलं, आता कॉपी केलीस तर पकडेन. आपल्याकडे नुसता शेवटचा भाग तेवढा उचलला जातो.

आहो स्वतः १९९५ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले. तिथल्या वर्गात पाच-पाच जणांच्या टीम असत. प्रत्येक टीमने आपली नवी भाषा ठरवायची आणि सेमिस्टरअखेर तिचा कंपायलर चालवून दाखवायचा. पाचांत एक प्रोजेक्ट मॅनेजर, एक आराखडा करणारा, एक भाषेचा जाणकार, एक जोडणी करणारा, एक तपासणारा. म्हणजे भजनी मंडळासारखं. वीणेकरी, पखवाजवाला, टाळकरी, ज्याचं काम त्याला. मग एक जण ढेपाळला तरी बाकीचे सांभाळून घेतात.

आता आपल्याकडे या.

भारतात कॉम्प्युटरचं शिक्षण खऱ्या अर्थाने १९६३ मध्ये आयआयटी कानपूरला सुरू झालं. आयबीएम १६२० मशीन तिथे आलं. प्रा. व्ही. राजारामन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नुसत्या आपल्या विद्यार्थ्यांनाच शिकवलं नाही. बाहेरच्या शास्त्रज्ञांसाठी, इंजिनिअरांसाठी थोड्या दिवसांचे वर्ग घेतले. राजारामन यांचं प्रोग्रामिंगचं पुस्तक १९६९ मध्ये, भारतीय विद्यार्थ्याला परवडेल अशा किमतीत निघालं. इकडे मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेने आपला 'टिफ्रॅक' कॉम्प्युटर १९६० मध्येच चालू केला होता. मशीनं मोजकी होती, माणसं मोजकी होती, पण शिकवणाऱ्याच्या शेजारी बसून शिकणं होतं.

पवईला आयआयटी मुंबईत प्रा. डी. एम. धामधेरे यांनी कंपायलरच्या सुधारणा तंत्रांवर, म्हणजे कोडमधलं वायफळ काम काढून टाकण्यावर, जगात दखल घेतली गेली असं संशोधन केलं. त्यांनीच भारतीय विद्यार्थ्यांसाठी सिस्टिम्स प्रोग्रामिंगचं पाठ्यपुस्तक लिहिलं. आपला 'मूव्हर' त्यातला. 'मूव्हर' म्हणजे ०४, 'मूव्हएम' म्हणजे ०५, थांबायचं तर ००. मोजून ११ आज्ञा आणि चार रजिस्टर. कनूथचं मिक्स, विर्थची पीएल-झिरो, एकन यांची कूल, त्याच पंगतीतली ही कल्पना. मशीन छोटं ठेवा, म्हणजे पोराचं लक्ष कल्पनेवर राहील. पुढे याच आयआयटीत प्रा. उदय खेडकर यांच्या पुढाकाराने जीसीसी या खऱ्याखुऱ्या, जगभर वापरात असलेल्या कंपायलरच्या आतली रचना उलगडून दाखवणाऱ्या कार्यशाळा झाल्या. म्हणजे महाराष्ट्रात या विषयाची जाण कमी आहे असं कुणी म्हणू नये.

मग अडलं कुठे?

१९८३ मध्ये वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली. या निर्णयावर दोन्ही बाजूंनी भरपूर बोललं गेलंय, ते परत नको. आपल्यासारख्या तालुक्याच्या ठिकाणच्या शेतकऱ्याचं, एसटी कंडक्टरचं, किराणा दुकानदाराचं पोर इंजिनिअर होऊ शकलं ते या निर्णयामुळे, हे मान्य करायलाच हवं. पण ज्ञान गावात आणताना काय काय आलं ते बघा. अभ्यासक्रम आला. पुस्तक आलं. प्रॅक्टिकलची यादी आली. कॉम्प्युटरची लॅबही आली. सांगाडा, चालता नमुना, चाचण्या आणि शेजारी बसणारा माणूस, हे काही आलं नाही.

आयआयटीत गेटच्या शिष्यवृत्तीवर एम.टेक. करणाऱ्याला आठवड्याला ८ तास शिकवण्यात मदत करावी लागते. म्हणजे प्राध्यापकाच्या हाताखाली प्रॅक्टिकलला उभे राहणारे, शंका सोडवणारे, कोड तपासणारे पाच-दहा हात सरकारी खर्चाने तयार असतात. आपल्या कॉलेजांत एम.ई.च्या जागाच मोजक्या, त्याही पुष्कळदा रिकाम्या. वर २०१८ मध्ये एआयसीटीईने शिक्षक-विद्यार्थी प्रमाण १ ला १५ चं १ ला २० केलं. म्हणजे मदतीचे हात नव्हतेच, होते तेही विभागले गेले.

आपल्या भागातल्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या एका सरांशी या विषयावर बोलणं झालं. त्यांचं म्हणणं असं: "पोरं उतरवून आणतात हे मला कळत नाही असं वाटतं का तुम्हाला? कळतं. पण बॅच २० जणांची, प्रॅक्टिकल दोन तासांचं. एका पोराला आली सहा मिनिटं. सहा मिनिटांत त्याचा कोड वाचू, चूक शोधू, समजावून सांगू, की सही करू? मी सही करतो."

या सरांना दोष द्यायची माझी हिंमत होत नाही. वर्षाच्या शेवटी परत नेमणूक मिळेल का याची त्यांना खात्री नाही, आणि आपण त्यांच्याकडून स्टॅनफर्डची अपेक्षा धरतो.

याचा परिणाम काय झाला? ११ आज्ञांचं ते सुंदर छोटं मशीन, जे पोराने स्वतः खेळून बघावं म्हणून केलं होतं, ते वर्षानुवर्षं तसंच्या तसं राहिलं. तीच आज्ञांची यादी, तोच इनपुट, तेच आउटपुट. सिनियरची फाईल ज्युनियरला, ज्युनियरची त्याच्या ज्युनियरला. एकदा कुणीतरी खरंच लिहिलेला कोड पुढे नुसता वारशाने येत गेला. शेतीचा सातबारा उतरावा तसा. आणि तोंडी परीक्षेला एकच प्रश्न, 'एलटीऑर्ग म्हणजे काय?' उत्तरही पाठ.

त्यात २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये चॅटजीपीटी आलं. आता सिनियरच्या फाईलचीही गरज उरली नाही. टू-पास असेंब्लर माग, अर्ध्या मिनिटात समोर. काही जण म्हणतात, मग शिकवायचंच कशाला? माझं उत्तर उलटं आहे. कोड लिहून देणारं यंत्र फुकट मिळायला लागलं की लिहिलेलं बरोबर आहे का हे ओळखणाऱ्या माणसाची किंमत वाढते. ते ओळखायला आतली रचना माहीत असावी लागते. ज्याने एकदा तरी स्वतःच्या हाताने छोटा असेंब्लर चालवलाय, त्याला मशीन म्हणजे जादू वाटत नाही. ज्याने फाईल उतरवलीय त्याला जन्मभर ती जादूच वाटणार. पुण्याच्या इंटरव्ह्यूत समोरच्याला हा फरक दोन प्रश्नांत कळतो. मग आपलं पोर घरी येऊन म्हणतं, इंग्लिशमुळे गेलं. दरवेळी इंग्लिशमुळे जात नाही.

यावर उपाय काय? कोट्यवधीची लॅब लागत नाही. जे बाहेर झालंय ते बघून आपल्याला परवडेल असं सांगतो.

एक. आज्ञांची यादी दरवर्षी बदला. मशीन काल्पनिकच आहे, ते बदलायला कुणाची परवानगी लागत नाही. प्रत्येक रोल नंबरला एक वेगळी आज्ञा द्या. जुनी फाईल तिथेच बाद होते.

दोन. पोराला कोरा कागद देऊ नका. अर्धा सांगाडा द्या, आणि पाच-दहा चाचणीचे इनपुट द्या. त्यात दोन मुद्दाम चुकीचे द्या. आपला प्रोग्राम चूक पकडतो का हे पोरगं स्वतः बघेल. हे काम एकदा केलं की सगळ्या कॉलेजांना वापरता येतं. विद्यापीठाच्या अभ्यास मंडळाने मनावर घेतलं तर एका सुट्टीत होईल.

तीन. ज्याचा पहिला पास झाला नाही त्याला तयार पहिला पास द्या आणि दुसरा करू द्या. मार्क कापा, पण रस्ता बंद करू नका.

चार. शेवटच्या वर्षाची चांगली पोरं-पोरी तिसऱ्या वर्षाच्या लॅबला मदतीला बसवा. त्यांना प्रमाणपत्र द्या, जमलं तर थोडं मानधन द्या. आपल्या तालमीत वस्ताद एकच असतो, पण जोर-बैठका मोठी पोरं लहानांकडून करून घेतातच ना? तेच इथे करायचं.

पाच. तोंडी परीक्षेला व्याख्या विचारणं बंद करा. लॅपटॉप उघडायला लावा आणि म्हणा, आत्ता माझ्यासमोर या मशीनला एक नवी आज्ञा शिकव. पाच मिनिटांत दूध का दूध.

हे सगळं करायला शिक्षकाला वेळ लागतो. आणि वेळ मिळायला त्याची नोकरी धड असावी लागते. त्यामुळे पालकांनी कॉलेज निवडताना इमारत, एसी आणि प्लेसमेंटचे फ्लेक्स बघण्याबरोबर एक साधा प्रश्न विचारावा: "प्रॅक्टिकलला २० पोरांमागे माणसं किती असतात, आणि त्यातली कायम किती?" हा प्रश्न दहा पालकांनी विचारला तर संस्थाचालकांना उत्तर शोधावं लागेल.

१८ माणूस-वर्षांचं काम एका सेमिस्टरमध्ये आलं ते आजची पोरं त्या वेळच्या माणसांपेक्षा हुशार निघाली म्हणून नाही. अवघड काम सोपं करून पुढच्याच्या हातात द्यायला माणसांनी तीस-चाळीस वर्षं घालवली म्हणून. त्यातलं पुस्तक आपल्या गावापर्यंत आलं, यादी आली. शेजारी बसणारा माणूस तेवढा आणायचा राहिलाय.

आपल्या भागातल्या कॉलेजांत शिकवणारे, शिकलेले किंवा सध्या शिकत असलेले कुणी असतील तर खाली लिहा. तुमच्या बॅचला प्रॅक्टिकलला किती माणसं होती? आणि असं एखादं प्रॅक्टिकल, जे तुम्ही खरंच स्वतः केलं, ते कुठलं आणि कुणामुळे? चांगल्या सरांची, मॅडमची नावं आवर्जून लिहा. वाईट अनुभव असेल तर नाव नको, अनुभव सांगा. आलेलं सगळं एकत्र करून अभ्यास मंडळाला निवेदन द्यायचा विचार आहे.